नळीतला चुना, कॅनमधले ॲसिड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

शहादा, तळोदा किंवा नंदुरबार तालुक्यातल्या ज्या घरात बोअरचे पाणी वापरतात, तिथला पाणी तापवायचा विजेचा रॉड एकदा नीट पाहावा. दुकानातून आणला तेव्हा तो चकचकीत असतो. काही महिन्यांत त्याच्यावर पांढरट, खरखरीत साल चढते. गिझरच्या कॉइलवर तीच साल, कुलरच्या गवतावर तीच, नळाच्या तोटीवर तीच आणि शेतात पसरलेल्या ठिबकच्या नळ्यांतही तीच. आपण तिला ‘क्षार’ म्हणतो. ‘चुना बसला’ असेही म्हणतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दुसरा शब्द अधिक नेमका, कारण या सालीचा मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच असते. भिंतीला लावायचा चुना ज्या दगडापासून भाजून काढतात, तीच ही वस्तू.

हा चुना काढायला ॲसिड लागते आणि ॲसिडच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही जण भीतीपोटी त्याला हातच लावत नाहीत आणि चांगला चालू शकणारा ठिबकचा संच दोन-तीन वर्षांत भंगारात घालतात. काही जण कॅन उचलून अंदाजपंचे ओततात. पहिल्या टोकाला पैसा जातो, दुसऱ्या टोकाला कधी डोळा जातो.

आधी हा चुना येतो कुठून, ते पाहू. आपला जिल्हा काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलेला आहे. सातपुडा त्याचाच आणि मधल्या पट्ट्यात, विशेषतः शहादा-तळोद्याच्या बाजूला, तापी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर आहे. बेसॉल्टच्या खनिजांत कॅल्शियम भरपूर. विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, चमकदार स्फटिक सापडतात, त्यांतले काही निव्वळ कॅल्साइटचे असतात. आणि काळ्या जमिनीतले चुनखडीचे खडे तर प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचे.

पावसाचे पाणी जमिनीत मुरते, तेव्हा मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळतो. पाणी अगदी किंचित आंबट होते. जिभेला कळणार नाही इतके, पण दगडाला कळते. चुनखडी त्यात विरघळते आणि बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्यात दडून बसते. बोअरचे पाणी म्हणूनच काचेसारखे स्वच्छ दिसते आणि तरी जड असते. नंदुरबार शहराला येणाऱ्या विरचक धरणाच्या पाण्यात आणि शेतातल्या खोल बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येण्यात फरक पडतो, तो यामुळे. एक पावसाळ्यात वरून वाहत येऊन साठलेले, दुसरे वर्षानुवर्षे दगडामातीच्या संगतीत राहिलेले.

आता सोड्याची बाटली आठवा. झाकण उघडले की दाब उतरतो आणि वायू फसफसत बाहेर पडतो. बोअरचे पाणी वर आले की तेच होते, फक्त इतक्या हळू की दिसत नाही. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ज्याच्या आधाराने चुनखडी विरघळली होती, तो आधारच जातो. पाणी तापवले तर हे अधिक वेगाने होते. म्हणून चुना रॉडवर बसतो, गिझरमध्ये बसतो आणि मे महिन्याच्या उन्हात काळ्या नळीत पाणी तापते तेव्हा नळीतही बसतो. शिवाय पाणी बंद केल्यावर ड्रीपरच्या तोंडाशी राहिलेला थेंब सुकतो आणि त्यातला चुना तिथेच ठेवून जातो.

थोडा हिशेब करू. पाण्याचा जडपणा चुनखडीच्या मापाने मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत तो चांगला मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. समजा, तुमच्या बोअरचे पाणी ४०० चे आहे आणि ठिबकच्या संचातून तासाला १४,४०० लिटर पाणी जाते. म्हणजे दर तासाला पावणेसहा किलो चुना त्या नळ्यांतून प्रवास करतो. बहुतेक सगळा पाण्याबरोबर जमिनीत जातो. पण शंभरातला एक भाग जरी वाटेत थांबला, तरी हंगामाच्या अखेरीस काय होईल याची कल्पना यावी. ड्रीपरच्या आतली नागमोडी वाट जेमतेम एखाद्या मिलिमीटरची असते.

जाता जाता एक गैरसमज. जड पाणी प्यायल्याने मुतखडा होतोच, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणावर आरोग्याच्या कारणासाठी कोणतीही मर्यादा घातलेली नाही. रॉडवरची साल पाहून माणसाच्या पोटाचा अंदाज बांधू नये. पोटात चूल पेटलेली नसते! जड पाण्याचा खरा त्रास आहे तो यंत्रांना आणि विजेच्या बिलाला. तांब्याच्या मानाने ही साल उष्णता शंभर पटींहून कमी वाहून नेते. आधी साल तापते, मग पाणी.

हा उपद्रव जुनाच आहे. फ्रान्समधल्या नीम शहराला रोमन लोकांनी बांधलेला पाण्याचा पाट आजही पाहायला मिळतो. त्याच्या आत चुनखडीचे थर चढत चढत काही ठिकाणी अर्ध्या मीटरच्या जवळपास गेले आणि पाटाची वाट आवळत गेली. त्या काळी असा थर काढायचा तर छिन्नी-हातोडा हाच उपाय. ठिबकच्या नळीत छिन्नी जात नाही. तिथे ॲसिडच पाठवावे लागते.

मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर जुने विद्यार्थी भेटतात, तेव्हा नमस्कारानंतर दुसरे वाक्य बहुधा पाण्याबद्दल असते. पपई लावणारा एक जण म्हणाला, “सर, मोटर चालते, पुढच्या ओळी भिजतात, शेवटच्या ओळींना थेंब नाही. ॲसिडचे दोन कॅन आणून ठेवलेत. किती सोडू?” मी त्याला म्हटले, “आधी बंद पडलेला एक ड्रीपर काढून आण.”

तो ड्रीपर आम्ही ब्लेडने उभा चिरला. आत पांढरे काही नव्हतेच. हिरवट-काळे, बुळबुळीत शेवाळ होते. शेततळ्यात पाणी साठवून तो ठिबकला देत होता, त्यातून ते आले होते. त्यावर ॲसिड ओतून काय होणार? शेवाळाला आणि जिवाणूंच्या बुळबुळीत थराला क्लोरीन लागते, म्हणजे ब्लीचिंग पावडरची निवळी.

तेव्हा पहिली पायरी ही. चिरलेल्या ड्रीपरमधल्या थरावर पातळ केलेल्या ॲसिडचा एक थेंब टाका. लिंबाचा रसही चालेल, मात्र तो सावकाश काम करतो. फसफसले तर चुनखडी. तांबूस असेल तर लोह. बुळबुळीत असेल तर शेवाळ. पांढरे आहे पण फसफसत नाही, तर जिप्सम किंवा सिलिका असू शकते आणि साधे ॲसिड तिथे फारसे कामाचे नाही. माती तपासणारे लोक जमिनीतली चुनखडी अशाच एका थेंबाने ओळखतात.

त्या विद्यार्थ्याच्या शेडमध्ये मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ॲसिडच्या कॅनला टेकून ब्लीचिंग पावडरची उघडी गोणी ठेवली होती. या दोन वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या इप्र इथे जर्मन सैन्याने जो विषारी वायू सोडला, तो हाच. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत, खोलगट जागेत साचतो. बंद शेडमध्ये, किंवा घरातल्या चार फुटांच्या संडासात, थोडासाही पुरे होतो. संडास साफ करायच्या बाटलीतल्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. त्यावर ‘अजून स्वच्छ निघेल’ म्हणून ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्या भगिनींनी हे जरूर लक्षात घ्यावे. ठिबकमध्येही दोन्ही प्रक्रिया करायच्या असतील तर वेगवेगळ्या दिवशी आणि मध्ये संच साध्या पाण्याने पूर्ण धुऊन. दोन्ही वस्तू ठेवायच्याही वेगवेगळ्या खोलीत.

आता चुनखडीच निघाली असे धरू. हायड्रोक्लोरिक ॲसिड तिच्यावर पडले की तीन गोष्टी तयार होतात: पाण्यात सहज विरघळणारे कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. शंभर ग्रॅम चुनखडी पूर्ण विरघळवायला बाजारातले तीस-बत्तीस टक्के तीव्रतेचे ॲसिड साधारण २०० मिलिलिटर लागते. त्यातून निघणारा वायू सुमारे २४ लिटर भरतो. हा आकडा मुद्दाम सांगतो आहे. गिझरची टाकी किंवा कोणतेही भांडे ॲसिड भरून बंद करून ठेवले, तर हे चोवीस लिटर जाणार कुठे? तोंड उघडे हवेच.

स्वस्त मिळते म्हणून सल्फ्युरिक ॲसिड घेऊ का, असे पुष्कळ जण विचारतात. जड पाण्यासाठी मी ते सुचवत नाही. कॅल्शियमशी त्याचे जिप्सम होते, ते कमी विरघळते आणि एक साल काढताना दुसरी बसायची भीती. शिवाय त्यात पाणी पडले की ते जोरात तापते, उकळते, उडते. फॉस्फोरिक ॲसिड खत म्हणून उपयोगी खरे, पण कॅल्शियमच्या पाण्यात त्याचाही गाळ होऊ शकतो. चुनखडीसाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड सरळ.

कॅनचे झाकण उघडण्यापूर्वी काही तयारी हवी. रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, पायात बूट. वाऱ्याकडे पाठ. जवळ साध्या पाण्याची भरलेली मोठी बादली, किंवा चालू नळ. आणि नियम एकच: पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. आधी पाणी घ्यायचे, त्यात ॲसिड सावकाश, धार लावून सोडायचे. उलट केले की ॲसिडच्या पृष्ठभागावरच उष्णता निर्माण होते आणि तोंडावर शिंतोडे येतात. अंगावर किंवा डोळ्यात गेलेच तर खूप पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धूत राहायचे. हळद, तेल, खायचा सोडा काही लावत बसायचे नाही. मग दवाखाना. डोळ्याच्या बाबतीत पहिली दोन मिनिटे पाण्यावाचून गेली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

आता ‘किती सोडू’चे उत्तर. ते दुकानदाराजवळ नाही, माझ्याजवळही नाही. ते तुमच्या पाण्यात आहे आणि बादलीत काढता येते. आपल्याच बोअरचे दहा लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्या. प्लास्टिकच्या सिरिंजने एकेक मिलिलिटर ॲसिड टाका, लाकडी काडीने ढवळा आणि प्रत्येक वेळी पी.एच. पेपर बुडवून त्याचा रंग पुस्तिकेतल्या रंगाशी ताडून पाहा. सुरुवातीला बराच वेळ आकडा फारसा हलत नाही, कारण पाण्यातले बायकार्बोनेट ॲसिड खाऊन टाकत असते. मग एकदम घसरतो. आकडा ४ वर आला की थांबा. समजा, त्याला ८ मिलिलिटर लागले. म्हणजे हजार लिटरला ८०० मिलिलिटर.

शेतात ३,६०० ड्रीपर आहेत आणि प्रत्येक तासाला चार लिटर देतो, तर तासाला १४,४०० आणि पंधरा मिनिटांत ३,६०० लिटर पाणी जाते. त्याला ॲसिड लागले २.९ लिटर. शेजारच्याने दहा लिटर सोडले म्हणून आपणही दहा सोडावे असे नाही. त्याचे पाणी वेगळे, त्याचे ड्रीपर वेगळे.

प्रत्यक्ष सोडण्याआधी फिल्टर साफ करा आणि नळ्यांची टोके उघडून साध्या पाण्याने संच धुऊन घ्या, म्हणजे सुटा गाळ आधीच जाईल. ॲसिड फिल्टरच्या पुढे सोडायचे, लोखंडी फिल्टरमधून न्यायचे नाही. विहिरीकडे पाणी उलटे येऊ नये म्हणून एकमार्गी झडप शाबूत आहे ना, हे पाहा. मग मोजलेले ॲसिड पाण्यात पातळ करून व्हेंच्युरीने पंधरा मिनिटांत ओढू द्या. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या ड्रीपरखाली पी.एच. पेपर धरा, तिथे ४ दिसला म्हणजे ॲसिड सगळीकडे पोचले. आता मोटर बंद. संच चोवीस तास तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी आधी सबमेन, मग एकेक नळी टोक उघडून धुवा. सुटलेल्या चुन्याचे पांढरट पाणी येते, ते स्वच्छ होईपर्यंत थांबायचे. घाईत हीच पायरी गळते आणि सुटलेले कण पुढच्या ड्रीपरमध्ये जाऊन बसतात.

नुकतीच लावलेली कोवळी रोपे असताना हे करू नये. लागवडीआधी किंवा पीक निघाल्यावर करणे उत्तम. चुनखडीच्या जमिनीला एवढ्या ॲसिडने बाधत नाही, ती ते गिळून टाकते. अगदीच दगड झालेल्या ड्रीपरमध्ये मात्र जीव येणार नाही. वाटच पूर्ण बंद झाली तर ॲसिड आत शिरणार कुठून? म्हणून पाणी कमी होऊ लागले की तेव्हाच करायचे.

गावोगावी आता जारच्या पाण्याचे आर. ओ. प्लांट आहेत. तिथली पातळ पापुद्र्याची जाळी नाजूक असते. कडक ॲसिडने ती कायमची खराब होते आणि क्लोरीनने तर नक्कीच. तिच्यासाठी साधारण दोन टक्क्यांचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचे सत्त्व, कमी दाबाने फिरवतात, थोडा वेळ भिजू देतात आणि धुऊन टाकतात. धुतल्यानंतरचे सुरुवातीचे पाणी जारमध्ये भरायचे नाही. पी.एच. पुन्हा जागेवर आल्याचे कागदावर पाहूनच भरायचे. जार घेणाऱ्यांनी प्लांटवाल्याला हे विचारायला संकोच करू नये.

घरातले काम तर लिंबाच्या सत्त्वानेच करावे. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे घाला, प्लग काढलेला रॉड त्यात तासभर बुडवा, जुन्या ब्रशने घासा, धुवा. किटलीला हेच. हे ॲसिड सौम्य आहे. वेळ लागतो, पण तांबे-स्टील खात नाही म्हटले तरी चालेल. आपल्या आज्या तांब्याचा बंब चिंचेने घासत, ते याच जातीचे काम. चिंचेत टार्टरिक ॲसिड असते. हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र घरातल्या गिझरमध्ये घालू नये. ते सालीबरोबर धातूही खाते आणि स्टेनलेस स्टीलला बारीक भोके पाडते. कारखान्यांत बॉयलर धुताना ॲसिडमध्ये धातू वाचवणारे रसायन मिसळतात. ही युक्ती बरीच जुनी आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९३२ साली तेलविहिरीच्या तळचा चुनखडक ॲसिडने विरघळवला, तेव्हा लोखंडी नळ वाचवायला त्यात आर्सेनिक घातले होते. आता त्याहून निर्धोक रसायने मिळतात, पण ते काम जाणकाराचे.

ॲसिड विकत घेताना दुकानदाराने ओळखपत्र मागितले तर रागावू नका. ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली किरकोळ विक्रीवर बंधने घातली. विक्रीची नोंद ठेवायची, ओळखपत्र पाहायचे, अठरा वर्षांखालच्या कुणाला द्यायचे नाही. जो दुकानदार पाण्याच्या बाटलीत ॲसिड ओतून देतो, त्याच्याकडून घेऊच नका. उन्हात काम करणारा तहानलेला माणूस बाटली तोंडाला लावताना वास घेत नाही.

आणि रिकामा कॅन. तो दिसायला चांगला, घट्ट झाकणाचा असतो, म्हणून फेकवत नाही; मग त्यात शेतावर प्यायचे पाणी नेले जाते, नाही तर तो आठवडे बाजारात विकला जातो. रिकामा झाल्यावर तो तीनदा पाण्याने विसळा, विसळलेले पाणी विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, चुनखडीच्या जमिनीत ओता, आणि मग विळ्याने कॅनचा तळ कापून टाका.